देवानं माफ केलं म्हणतात, मग भावाचा फोन आला की छातीत धस्स का होतं?

पत्र थोडक्यात असं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

वास्कोकडे राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एक ताई लिहितात. माहेर मिरजेकडचं मराठी ख्रिस्ती, वडील बंदरावरच्या नोकरीसाठी गोव्यात आले आणि इथलेच झाले. नवरा गोंयकार कॅथलिक, तो मीसाला (कॅथलिक उपासनेला) जातो, ताई रविवारी प्रॉटेस्टंट चर्चच्या मराठी उपासनेला. आई आधीच वारली होती, सहा वर्षांपूर्वी वडीलही गेले. शेवटची दोन वर्षं वडिलांचं सगळं ताईंनीच केलं. वडिलांची बँकेत नऊ लाखांची एफडी होती, नॉमिनी ताई. मिरजेत राहणाऱ्या धाकट्या भावाला त्यांनी सांगितलं की बाबांच्या आजारपणात सगळं संपलं. खरं तर बराचसा खर्च वडिलांच्या नोकरीच्या मेडिकल सवलतीत भागला होता, एफडी गेली ती ताईंच्या मुलीच्या शिक्षणाला. गेल्या वर्षी भावाची नोकरी सुटली, पुतण्यानं मिळालेली इंजिनिअरिंगची सीट फीपायी सोडली. भाऊ दर आठवड्याला फोन करतो आणि म्हणतो, "ताई, तू बाबांचं केलंस, तुझे उपकार कसे फेडू."

मधे चर्चमध्ये पाळकसाहेबांनी बायबलमधल्या रोमकरांस पत्रावर, म्हणजे येशूचा प्रेषित पौल यानं रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रावर, सलग प्रवचनं केली, माणूस विश्वासानं नीतिमान ठरतो, कर्मांनी नाही. ताईंनी रडून प्रार्थना केली, दोन दिवस हलकं वाटलं, मग परत झोप उडाली. नवरा म्हणतो, पाप देवाचं असतं, देवानं माफ केलं, आता उकरून काढू नकोस. नणंद म्हणते, फादरकडे जाऊन कुमसार (पापांची कबुली) कर म्हणजे सुटशील. ताईंचे प्रश्न तीन. माझा विश्वास कमी पडतोय का? भावाला सांगायलाच हवं का, की मदत म्हणून हळूहळू पैसे पाठवले तरी चालेल? आणि सांगितलं आणि तो कायमचा तुटला तर?

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा त्या एकाच वाक्यापाशी थांबले, भावाच्या "उपकार कसे फेडू" या वाक्यापाशी. पैशाचं आपण बोलूच, पण मला वाटतं तुमची झोप नऊ लाखांनी नाही उडवलेली, ती या वाक्यानं उडवलीय. पैसे एकदाच घेतले गेले, कृतज्ञता मात्र दर आठवड्याला घेतली जातेय आणि ती देणाऱ्याला माहीत पण नाही की आपण काय देतोय.

आधी पहिला प्रश्न, कारण त्यात एक गृहीतक आहे जे मला पटत नाही. तुम्ही धरून चाललाय की खरा विश्वास असता तर मन शांत झालं असतं, मन शांत नाही म्हणजे विश्वासात खोट आहे. हे कुठून आलं? पाळकसाहेबांनी ज्या पत्रावर प्रवचनं केली त्याचाच चौथा अध्याय परत उघडा. अब्राहामानं देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्या नावे नीतिमत्त्व म्हणून गणलं गेलं, हे तिथंच आहे. त्याच्या खाली दोन-चार ओळींवर पौल दाविदाचं एक स्तोत्र काढतो, ज्याच्या पापांची क्षमा झाली तो धन्य. ते स्तोत्र 32 वं. पौलानं सुरुवातीच्या ओळी घेतल्यात, तुम्ही मूळ स्तोत्रात जाऊन पुढची ओळ वाचा. तिथं दावीद सांगतो की मी गप्प राहिलो तोवर माझी हाडं झिजत होती, रात्रंदिवस तुझा हात माझ्यावर भारी होता. म्हणजे विश्वासाच्या त्याच धड्याच्या पोटात न लागणारी झोपही आहे, आणि तिचं कारण दाविदानं विश्वास कमी पडला असं दिलेलं नाही, गप्प राहणं हे दिलंय. तुमची हाडं झिजतायत ती गप्प राहून, ताई. तुमच्यातलं काहीतरी अजून जिवंत आहे म्हणून ते दुखतंय.

आता "नीतिमान ठरणं" याबद्दल थोडं, कारण घरात तीन माणसं या शब्दाचे तीन अर्थ लावून बसलीत. आपल्या मराठी बायबलमध्ये शब्द आहे ठरणं. झाला असं नाही म्हटलेलं, ठरला म्हटलंय. मूळ ग्रीक क्रियापदही कोर्टातलंच आहे, न्यायाधीशानं निकाल द्यावा तसं. पण मला आपल्या भाषेतलं दुसरं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. आपण म्हणतो, मुलीचं लग्न ठरलं. त्या क्षणी तिनं संसाराचं एकही काम केलेलं नसतं, तरी तिची जागा बदललेली असते, समोरच्या घरात ती आपली झालेली असते, नाव घेतलं जातं, वाट बघितली जाते. आणि संसार मात्र सगळा पुढं असतो. पौल जे सांगतो ते जवळपास असं आहे, सगळ्यांनी पाप केलंय, कोणी आपल्या कमाईवर देवापुढं उभा राहू शकत नाही (हे तिसऱ्या अध्यायात 23 व्या वचनात), आणि ख्रिस्तानं वधस्तंभावर जे केलं त्यावर जो भरवसा टाकतो त्याला देव फुकट, कृपेनं, आपला ठरवतो. चौथ्या अध्यायाच्या 5 व्या वचनात तर तो स्पष्टच म्हणतो की अधार्मिकाला नीतिमान ठरवणारा देव. चांगल्या माणसाला नव्हे. म्हणजे तुम्ही पैसे परत केल्यावर देव तुम्हाला जवळ करेल असं ख्रिस्ती शिकवण सांगत नाही आणि मी पण सांगणार नाही. ते आधीच ठरलंय.

इथं नेहमी कोणीतरी विचारतं, माझ्या फोंड्याच्या शेजारणीनंही विचारलं होतं, की मग बरंच आहे की, पाप करा, विश्वास ठेवा, मोकळे व्हा. हा प्रश्न नवा नाही, पौलानं स्वतःच तो सहाव्या अध्यायाच्या तोंडाला विचारलाय, कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का, आणि कधीच नाही असं स्वतःच उत्तर दिलंय. आणि याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात आहे की कर्मांवाचून विश्वास मेलेला आहे. कोणी म्हणतं पौल आणि याकोब भांडतायत. मला ते भांडण वाटत नाही, एक दाराशी उभा राहून बोलतोय आणि दुसरा घरात आल्यावर कसं राहायचं ते बोलतोय.

तुमच्या नणंदेचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, आणि तुमच्या घरात या विषयावर कॅथलिक-प्रॉटेस्टंट असा तट पडू नये असं मला मनापासून वाटतं. या प्रश्नावर 16 व्या शतकात युरोपातली चर्चं फुटली हे खरं, प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरनं देव नीतिमान ठरवतो यावर जोर दिला, आणि 1547 साली ट्रेंटच्या परिषदेत कॅथलिक चर्चनं म्हटलं की देव नुसतं ठरवत नाही, आतून बदलतोही. पण 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीत आउग्सबुर्ग शहरात लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, 2006 साली मेथडिस्ट हा दुसरा प्रॉटेस्टंट पंथही त्यात आला. त्यात दोघं मिळून म्हणतात की आपल्या कुठल्याही लायकीमुळे नव्हे, केवळ कृपेनं, ख्रिस्ताच्या कार्यावरच्या विश्वासानं देव आपल्याला स्वीकारतो आणि मग सत्कर्मांसाठी बोलावतो. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण जेवणाच्या टेबलावर भांडण्याइतकं अंतर राहिलेलं नाही. आणि नणंदेला एक सांगा, कुमसाराला गेलं तरी फादर तेच सांगणार, कॅथलिक शिकवणीत सुद्धा पापमुक्ती मिळाली म्हणून घेतलेली वस्तू आपली होत नाही, जमेल तेवढं नुकसान भरून द्यावंच लागतं. थोडक्यात, पाळकसाहेबांकडे जा की फादरकडे, मिरजेचं तिकीट चुकत नाही.

आता नवऱ्याचं वाक्य. "पाप देवाचं असतं, देवानं माफ केलं." तो वाईट माणूस वाटत नाही मला पत्रावरून, तो घाबरलाय आणि तुम्हाला जपतोय. पण यात एक गल्लत आहे. देवाकडचा हिशोब मिटला म्हणून भावाकडचा कसा मिटेल, तो भावाच्या वहीत आहे आणि भावाला अजून माहीतच नाही की त्याच्या वहीत असं काही पान आहे. येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय (मत्तय, पाचवा अध्याय), वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. तुमच्या भावाच्या मनात काही नाहीये, कारण तुम्ही ते येऊच दिलं नाहीत. मला तर हे जास्त जड वाटतं.

आणि बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात जे आहे ते वाचून मी अक्षरशः दचकले, कारण तिथं विषय चक्क ठेवीचा आहे. शेजाऱ्यानं विश्वासानं ठेवलेली ठेव कोणी दाबली, खोटं बोलला, तर त्यानं मुद्दल पूर्ण द्यावं, वर पाचवा हिस्सा घालावा, आणि हे ज्या दिवशी दोषार्पण (अपराधाबद्दल देवाला द्यायचं अर्पण) आणायचं त्याच दिवशी करावं. एफडीला आपण मुदत ठेवच म्हणतो ना. पाचवा हिस्सा आज कोणी मागत नाही, तो जुना नियम आहे, पण वरचं थोडं द्यायची कल्पना मला फार शहाणी वाटते. ज्याचे पैसे सहा वर्षं अडकले त्याचं नुकसान फक्त मुद्दलाचं नसतं.

तुम्ही म्हणाल, मग हे सगळं करायचंच तर कृपेचा उपयोग काय झाला. इथंच मला जे सांगायचंय ते आहे. जक्कयाची गोष्ट आठवा, लूकच्या 19 व्या अध्यायातली, जकातदारांचा मुख्य, झाडावर चढलेला. त्यानं अर्धी संपत्ती गरिबांना दिली, ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत देतो म्हणाला. पण क्रम बघा. येशू त्याला आधी हाक मारतो, खाली ये, आज मला तुझ्याच घरी उतरायचंय. तेव्हा जक्कयानं एक दमडीही परत केलेली नव्हती. लोक कुरकुरतायत की हा पाप्याच्या घरी गेला, आणि त्यानंतर जक्कय उठून उभा राहतो आणि हिशोब काढतो. येशू आपल्या घरी यावा म्हणून त्यानं पैसे सोडले नाहीत, तो आला म्हणून सोडता आले. तुमच्या बाबतीत कृपा हेच करू शकते. आत्तापर्यंत तुम्ही एक प्रतिमा सांभाळत होतात, बाबांचं सगळं करणारी गुणी ताई, कारण ती गेली तर आपल्याकडे काय उरेल ही भीती. देवापुढं तुमची जागा त्या प्रतिमेवर अवलंबून नसेल, तर ती हातातून सोडता येते. भावाला सांगायचं बळ तिथून आणा. अपराधाच्या ओझ्यानं सांगाल तर तिथं जाऊन रडाल आणि उलट तोच तुम्हाला समजावत बसेल.

हे लपवणं आणि बाहेर येणं आपल्या गोव्याला काही परकं नाही. इथंच, सासष्टीत रायतूरला, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 साली छापलं गेलं, मराठी ओव्यांत, आणि त्यात आदामाची कथाही येते. बायबलमध्ये आदामाची चूक झाल्यावर तो आधी काय करतो? झाडीत लपतो. आणि देवाचा पहिला प्रश्न "काय केलंस" हा नाही, "तू कुठं आहेस" हा आहे. भावाचा फोन वाजल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात जाता, मिक्सर लावता असं लिहिलंयत तुम्ही. ते वाचल्यावर मला तो प्रश्न आठवला.

दुसऱ्या प्रश्नावर मी ठाम आहे. मदत म्हणून हळूहळू पाठवू नका. मोह समजतो, पैसे पण पोचतील आणि नातं पण टिकेल. पण विचार करा, त्याचेच पैसे तुम्ही त्याला मदत म्हणून देणार, तो अजून वाकणार, अजून उपकार म्हणणार, पुतण्या तुमच्या पाया पडणार, आणि तुम्ही ते घेणार. तुमची चोरी तिथं थांबत नाही, वाढते. एखादी परिस्थिती अशी असते की सत्य सांगितल्यानं कोणाच्या जिवाला धोका होईल, मारहाण होईल, तेव्हा मी वेगळं सांगितलं असतं, मधे कोणाला तरी घालून पैसे पोचवा म्हटलं असतं. तुमच्याकडे तसं काही नाहीये.

प्रत्यक्ष कसं करायचं, तर आधी कागद. एफडी मोडल्याचं बँकेचं स्टेटमेंट काढा, मिळालेली पूर्ण रक्कम बघा, व्याजासकट. वडिलांच्या आजारपणात सवलतीबाहेर जे खरंच गेलं त्याची बिलं असतील तेवढीच वजा करा, अंदाजे आकडे नको, आणि स्वतःच्या सेवेचा मोबदला त्यात घालू नका. तुम्ही दोन वर्षं केलंत ते फार मोठं होतं आणि त्याबद्दल भावाशी बोलायचा तुम्हाला हक्क होता, आहेही, पण तो हिशोब तुम्ही एकटीनं परस्पर लावून टाकलात, चूक तिथं झाली. नॉमिनी म्हणजे मालक असं खूप जणांना वाटतं, तसं नसतं, नॉमिनी वारसांच्या वतीनं पैसे हातात घेतो. मृत्युपत्र नसेल तर तुम्ही दोघं मुलं सारखेच वारस. काहीही वजा झालं नाही असं धरलं तर भावाचे साडेचार लाख, आणि तो पाचवा हिस्सा मनात धरलात तर वर 90 हजार.

मग नवरा. त्याला आधी सांगा की मी जाणार आहे, विचारू नका की जाऊ का. अर्थात पैसे द्यायचे तर त्याच्याशी बसून ठरवावं लागेल, गोव्याच्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता बहुतेक वेळा एकत्रच धरतात, त्यामुळे दागिने किंवा जागा मोडायचा विचार असेल तर एकदा वकिलालाही भेटा. एकरकमी जमणार नाही हे मला पत्रावरूनच दिसतंय. हरकत नाही. एका कागदावर रक्कम, हप्ते, तारखा लिहा, सही करा, आणि पहिला हप्ता बरोबर घेऊन जा. मुलीला सांगायचं का? तिच्या शिक्षणाला ते पैसे लागले, ती आता कमावतेय, तिला कळायला हवं असं मला वाटतं, पण तिच्यावर ओझं टाकायला नको, तिनं काही केलेलं नाही. भावाला सांगून झाल्यावर सांगा.

फोनवर सांगू नका, व्हॉट्सॅपवर तर नकोच. गोवा एक्स्प्रेस वास्कोहून सुटते आणि मिरजेला थांबते, बसून जा. वहिनी आणि पुतण्या घरात नसताना आधी भावाशी एकटं बोला, पुढं कोणाला सांगायचं ते त्याला ठरवू दे. आणि बोलणं छोटं ठेवा, बाबांची एफडी होती, ती आजारपणात संपली नव्हती, मी तुला खोटं सांगितलं, तुझा हिस्सा मी वापरला, तो परत करायला आलेय. यात "पण" नको. मुलीची फी, सासरची अडचण, तुझा पत्ताच नव्हता तेव्हा, हे त्यानं विचारलं तरच. बायबलची वचनं तर अजिबात नको, देवानं मला माफ केलंय हे वाक्य त्या खोलीत काढलंत तर ते त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं होईल. त्याच्याकडून माफी लगेच मागून पण घेऊ नका. पौलानं फिलेमोनाला लिहिलेलं छोटंसं पत्र आहे ना, त्यात फिलेमोनाचा दास अनेसिम याच्यासाठी तो म्हणतो, तो तुझं काही देणं लागत असेल तर माझ्या नावे मांड. स्वतःच्या हातानं लिहून देतो, मी फेडीन. तुम्हीही तेवढंच म्हणा. समोरच्यानं काय करावं ते पुढं त्याच्यावर सोडून द्या.

आणि चर्चमध्ये साक्ष देऊ नका, निदान आत्ता नाही. हे इतर वाचकांनाही सांगते कारण असं होताना मी पाहिलंय, माणूस सभेत उभा राहून रडत पाप कबूल करतो, सगळे आमेन म्हणतात, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला ते तिसऱ्याकडून कळतं. पाळकसाहेबांना विश्वासात घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, फक्त आधी विचारून घ्या की हे तुमच्या-माझ्यात राहील ना.

तिसरा प्रश्न, तो तुटला तर. तुटू शकतो, मी खोटा दिलासा देत नाही. वर्ष-दोन वर्षं फोन येणार नाही कदाचित. वहिनी नातेवाइकांत बोलेल. हप्ते तरीही वेळेवर जायला हवेत, तो बोलो न बोलो. आणि पुतण्याचं ते वर्ष, ती सीट, ते तुम्ही कितीही पैसे दिले तरी परत येणार नाही. त्याचं काय करायचं हे मी बरेच दिवस विचार करतेय. त्याच्यापुरतं मला फक्त कृपाच दिसते, जे भरून देता येत नाही ते देवापुढं रिकाम्या हातानं ठेवणं. पण भरून देता येण्यासारखं जे आहे ते त्या ढिगात सरकवू नका.

या सदराला अशी दुसरीही पत्रं येतात, ज्यांनी कोणाचं काही घेतलेलं नाही, कोणाला फसवलेलं नाही, तरी सतत आपण पापी आहोत, आपली प्रार्थना पोचली नाही, कुमसार नीट झालं नाही म्हणून पुन्हा पुन्हा जात राहतात, रात्र रात्र तेच. त्यांनी हे उत्तर स्वतःला लावून घेऊ नका. तुम्हाला अजून कबुली द्यायची गरज नाही, कोणाशी तरी नीट बोलायची गरज आहे. बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथं ओपीडीत जाता येतं, आणि टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे. ते करताना विश्वास सोडावा लागत नाही.

ताई, तुमचं तसं नाहीये. तुमच्या अपराधाला नाव आहे, आकडा आहे, पत्ता आहे. या आठवड्यात बँकेचं स्टेटमेंट तेवढं काढा. आणि पुढच्या वेळी भाऊ उपकार म्हणाला की त्याला मधेच थांबवा, म्हणा, असं म्हणू नकोस रे, मी येतेय मिरजेला, तुझ्याशी बोलायचंय. एकदा हे तोंडातून गेलं की तिकीट काढावंच लागेल.